आक्काच्या कोंबड्या आणि चार बोटांची फट

गळतीकाकांना हे नाव चिकटलं यात त्यांचा काही दोष नव्हता. माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढून भोकं बुजवली, तर लोक त्याला दुसरं काय म्हणणार? भर दुपारी ते माळ्यावर चढत, खिडक्या लावून घेत आणि अंधारात वर बघत. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने फुली. काम संपलं की घरमालकाला सांगत, आता एक थेंब आत आला तर माझी मिशी भादरा. मिशी अजून शाबूत आहे, यावरून काय ते समजा.

शेजारच्या घरात त्यांची थोरली बहीण राहायची, आक्का. नवरा गेल्यापासून तिचा सगळा गोतावळा म्हणजे परसातल्या पाच कोंबड्या. सकाळी दार उघडलं की तिचं जे बोलणं सुरू व्हायचं, ते ऐकून गळतीकाका बायकोला म्हणत, भावाशी बोलायला हिला सवड नाही, कोंबड्यांना मात्र आळीतली खडान्‌खडा बातमी.

या आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि तेही नेमकं ऐन पावसाळ्यात. दहा दिवस लेकीकडे राहावं लागणार होतं. निघताना ती भावाला खुराड्यापाशी घेऊन गेली. खुराडं विटांवर उचललेलं, आत भुशाचा थर, कोंबड्यांना बसायला आडवी दांडी. दांडीच्या वर, छपराला लागून, हातभर लांब आणि चार बोटं रुंद फट होती. तिला बारीक जाळी मारलेली.

"बाळ्या, दाणे टाकायला उशीर झाला तरी चालेल," आक्का म्हणाली, "पण ही फट बुजवू नकोस."

बाळ्या, वय वर्षं बासष्ट, हो म्हणाला.

दोन दिवस हो पाळलं. तिसऱ्या दिवशी वारा फिरला, फटीतून चार शिंतोडे आत आले आणि भुशावर नाण्याएवढा ओला डाग पडला. एवढं पुरे झालं. ज्याने आख्ख्या गावाची छपरं कोरडी ठेवली, त्याच्या बहिणीचं खुराडं गळतं म्हणजे काय! गळतीकाकांनी फटीवर फळी ठोकली, कडा डांबराने लिंपल्या आणि चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. मग एवढ्याशा दारातून मान आत घालून वर पाहिलं. मिट्ट काळोख. जन्मात इतकं बिनचूक काम झालं नव्हतं, असं त्यांनी जेवताना बायकोला दोनदा सांगितलं.

त्याच दुपारी आक्काचा फोन आला. डोळ्यावर पट्टी होती, पण चौकशी कोंबड्यांची. फट उघडी आहे ना, असं तिने विचारलं. काका म्हणाले, "तू निर्धास्त राहा. आत सगळं ठणठणीत कोरडं आहे." खोटं काही बोलले नाहीत. विचारलेल्याचं उत्तर तेवढं दिलं नाही.

पाऊस सलग लागून राहिला. काका दार किलकिलं करून दाणे टाकत, पाणी सरकवत आणि झटकन दार लावून घेत. पाचव्या दिवशी आतल्या वासाने डोळे चुरचुरले. बायको म्हणाली, अहो, थोडं उघडून बघा, वास फार उग्र येतोय. त्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यात काय अत्तर दरवळणार, असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. भुसा हाताला दमट लागत होता. पाणी येतं तरी कुठून, हे शोधत ते भर पावसात खुराड्याच्या छपराला डांबराचा आणखी एक हात मारून आले.

आठव्या दिवशी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकायला लागल्या. गळ्यातून घरघर यायची, डोळे चिकटलेले. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी डोकं आत घातलं आणि लगेच खोकत बाहेर काढलं.

"हे खुराडं कुणी बांधलं? कोंबड्यांनी श्वास कुठून घ्यायचा?"

मग समजावून सांगितलं, की ओल बाहेरून आलीच नव्हती. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ वर जाऊन त्या फटीतून निघून जायची, ती आतच कोंडली. चार शिंतोड्यांचं काही बिघडत नाही, भुसा बदलला की झालं. या कोंडलेल्या हवेने मात्र छाती भरते. काकांनी तिथल्या तिथे ताडपत्री फाडली, फळी उचकटली. तरी तीन कोंबड्या गेल्या.

आक्का आली. काळा चष्मा लावून ती खुराड्यापाशी गेली आणि फटीच्या कडेला राहिलेल्या डांबरावरून बोट फिरवलं. भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

"मी फोनवर विचारलं, तेव्हा बंद होती?"

"होती."

"तेव्हाच सांगायचं होतंस रे. एक खिळा उपटायचं काम होतं."

एवढंच. नंतर तिने विषय काढला नाही. चहा दिला, नव्या पिल्लांबद्दलही बोलली. काकांना वाटलं, मिटलं.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याची पाळी आली. काकांनी आधीच सगळं करून ठेवलं होतं: कोरड्या भुशाची दोन पोती भरली, जाळीतलं जळमट ब्रशने झाडलं. निघायच्या दिवशी आक्का दारात आली ती कोंबड्यांची टोपली कमरेवर घेऊन. पलीकडच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीकडे सोडायला निघाली होती. घराची किल्ली तिने भावाच्या हातावर ठेवली.

वाट निसरडी होती. "आण ती टोपली," काका म्हणाले, "मी पोचवतो."

आक्काने टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "राहू दे रे, जड नाही," म्हणाली, आणि एक एक पाऊल चाचपत निघाली.