खोक्यावरचे दोन हजार वॅट

बाबांची सगळी हयात सिहोऱ्याच्या एका राइस मिलमध्ये मोटरीजवळ गेली, अन् कानही तिथंच गेले. मोटरीच्या पाटीवर जेवढे एचपी लिहिले, तेवढं काम ती करतेच, हा त्यांचा भरवसा. त्याच भरवशावर ते तुमसरहून ॲम्प्लिफायर घेऊन आले. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, दोन हजार वॅट.

माय जाऊन सहा महिने झाले होते. मामाकडे माझ्या लग्नातली एक कॅसेट सापडली. त्यात बायकांनी हट्टानं मायला उखाणा घ्यायला लावला होता. एरवी बाबांना हाक मारायची तर ‘अजी, आयकलं का’, एवढंच. स्वतःच्या लग्नात ती लाजून गप्प बसली होती, अन् माझ्या लग्नात तिनं नाव घेतलं तेव्हा बाबा बाहेर पंगत वाढत होते. तिच्या तोंडून आपलं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मी माहेरी आले, खोक्यातला कागद वाचला अन् माझं डोकंच फिरलं. दोन हजार म्हणजे पीएमपीओ, क्षणभराचा फुगवलेला आकडा. सतत मिळणारे वॅट, आरएमएस, खाली मुंगीएवढ्या अक्षरात: वीस. लिहिणाऱ्या मेल्यांना लाज कशी वाटली नाही? शिवाय आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. बोललेलं बाबांना ऐकू येत नव्हतं, म्हणून हे सगळं मी खोक्याच्या पाठीवर लिहून दाखवलं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मंग तुह्या मायसाठी किती वॅट लागन?”

मी कॅसेट लावली.

त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागला. टेपची खरखरही तेवढीच वाढली, पण त्यातून मायचा आवाज आला. शेजारच्या बायका दारात आल्या. त्यातल्या एका काकूनं डोळ्याला पदर लावला. स्पीकरला कान लावून बसलेले बाबा तिच्याकडे बघत होते.

“घेतलं का नाव?” त्यांनी मला विचारलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांनी कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली. या वेळी स्पीकर सोडून माझ्यासमोर येऊन बसले, माझ्या तोंडाकडे बघत. बापाचं नाव मी तरी कधी घेतलं होतं? पण मायचा उखाणा नावापर्यंत आला तेव्हा तिच्यासोबत मीही ते म्हटलं, सावकाश, त्यांना ओठ दिसतील असं.