आईच्या पाठीला ऐकू आलेला मंत्र

मंत्र म्हणण्यासाठी देवाने माझा गळा घडवलेलाच नाही, असे मला त्या हिवाळ्यात मनापासून वाटू लागले होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी राहुरीच्या बाजारात एका अडत्याकडे कांद्याचे लिलाव पुकारत असे, आणि पहाटे देवळाली प्रवरात, आमच्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात, एका बाईंकडे कुंडलिनी योग शिकत असे. मूलाधारापासून एकेका चक्राचा बीजमंत्र म्हणत वर जायचे. पहिला ‘लं’ अगदी खोल, बेंबीखालून यायला हवा; पुढे आवाज चढत ‘ॐ’पर्यंत पोचायचा. माझी सुरुवातच वरून होई. लिलावात प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा चढी पुकारायची. तीच सवय मंत्रात शिरली होती. ‘लं’ दोन-तीनदा म्हणेपर्यंत आवाज फाटे. शेजारी बसणारे शाळामास्तर डोळे न उघडताच विचारत, “काय भाऊ, कितीला सुटला?” सगळे हसत. बाई तेवढ्या म्हणायच्या, “वर जायचं नंतर बघू. आधी खाली उतरा. छातीवर हात ठेवा, तिथं कंप लागला पाहिजे.” कितीतरी पहाटे हात ठेवला. काही लागले नाही.

पण त्या हसण्याहून दुसरीच गोष्ट मला खात होती. माझी आई ठार बहिरी झाली होती आणि तिच्याशी बोलताना मी ओरडत असे. शब्द तिला कळत नसत, चेहरा मात्र दिसे. “आरं, कशापायी रागावलास?” ती विचारी. मी रागावलेलो नसे. कधी कधी असेही. देवाचे नाव घेऊन आलेल्या तोंडाने मी आईला घाबरवतो, ही टोचणी दिवसभर सुटत नसे.

एका दुपारी आईला दम्याची जोराची उबळ आली. डॉक्टर राहुरीला, एसटी नुकतीच निघून गेलेली. रस्त्यावर हात केला तर एक अनोळखी टेम्पोवाला थांबला. “आजीला मधी घ्या,” एवढेच म्हणाला. पुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता; एक गाडी आडवी अडकली होती. “बसा हितंच, बघतो मी,” म्हणत इंजिन बंद करून तो उतरला.

आई तोंड उघडून हवा शोधत होती. “आई, हळू श्वास घे!” मी ओरडलो. तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचा श्वास आणखीच आखडला. आता ती माझ्यामुळेच जाईल, असे वाटले. मग माझ्यात काही उरलेच नाही. तिला वळवून तिची पाठ मी छातीशी धरली आणि मनात म्हणालो, देवा, आता तूच बघ. काय बोलावे सुचेना, तेव्हा ‘लं’ आला. ओढून आणला नव्हता. इतका खाली, की तो मला कानांपेक्षा बरगड्यांत जाणवला. आईने माझे मनगट घट्ट धरले. मी थांबलो, तशी ती धापा टाकत म्हणाली, “थांबू नगं. पाठीत लागतंय.” मी म्हणत राहिलो. हळूहळू ती माझ्याबरोबर श्वास सोडू लागली.

टेम्पोवाला धुळीने माखून परतला. आमच्याकडे पाहून म्हणाला, “गानं म्हनताय व्हय आजीला? म्हना, म्हना. हारन न्हाई वाजवत मी.” आणि राहुरीपर्यंत, त्या गाड्यांच्या गर्दीतूनही, त्याने खरोखर हॉर्न वाजवला नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, संध्याकाळी आई घरी आली. तो माणूस मला पुन्हा दिसला नाही.

यात चमत्कार कोणता, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांचे औषध होतेच. एवढे मात्र कळले की आवाज मी इतके दिवस ढकलत होतो, म्हणून तो येत नव्हता. हळूहळू ‘ॐ’ही न फाटता लागू लागला. जे मिळाले ते माझ्या कष्टाचे नाही, हे मला रोज आठवावे लागते.

आता मी पहाटे घरीच बसतो. नव्वदी ओलांडलेली आई काठी टेकत येते, माझ्या छातीला पाठ लावते आणि म्हणते, “हं, कर सुरू.” मंत्र संपला की तिचे मत ठरलेले असते. “आज पातळ लागला. रातच्याला जेवला न्हाईस का?”