बापाची भूमिका तात्यांची होती

श्री. निवृत्ती शेंडगे, म्हणजे आपणा सर्वांचे तात्या, मला प्रथम भेटले ते इंदापूरच्या एका नाट्यस्पर्धेत. मी शेळगावचा, पहिल्याच नाटकात मुख्य भूमिका मिळालेला. ते पळसदेवचे शेतकरी. नाटकात माझे गडी, तीन वाक्यांपुरते. दुसऱ्या अंकात मी संवाद विसरलो. तात्या तांब्या घेऊन न बोलावता रंगमंचावर आले आणि म्हणाले, "मालक, तुमी जमीन इकणार न्हाय म्हणत व्हता न्हवं?" माझे वाक्य मला सापडले. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला. अभिनयाचे बक्षीस मला मिळाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

पुढे मी पुण्याला जाऊन सहायक दिग्दर्शक झालो. तात्या डाळिंबाची बाग सांभाळून नट राहिले. फोन आला की एसटी धरायची आणि मिळेल ते काम करायचे. हवालदार, पुजारी, सरपंचामागे उभा राहणारा माणूस. एकदा त्यांना प्रेताची भूमिका होती. भर उन्हात ते दुपारभर तिरडीवर पडून होते. मधे सावलीला चला म्हटले, तर म्हणाले, "मेल्याचं काम बी नीट करावं लागतंय. पोट हाललं की समद्यांचं रडणं खोटं पडतंय."

अशी चाळीस वर्षे गेल्यावर त्यांना एका चित्रपटात बापाची भूमिका मिळाली. उजनी धरणाच्या पाण्यात गाव गेलेला, आता मासेमारी करणारा म्हातारा. तात्यांनी दाढी वाढवली, नाव वल्हवायचा सराव केला. चित्रीकरणाला आठवडा उरला असताना निर्मात्यांनी ती भूमिका मुंबईच्या एका नामवंत नटाला दिली. मी त्याच चित्रपटाचा सहायक दिग्दर्शक, म्हणून निरोप सांगायला मला पाठवले. सोबत आणखी एक काम होते: त्या नटाला इकडची बोली तात्यांनी शिकवावी.

त्यांच्या पत्नी कलाकाकू ते ऐकून दारातच तात्यांना म्हणाल्या, "न्हाय म्हणून सांगा."

तात्यांनी मला आत बसवले. मग म्हणाले, "मी न्हाय म्हणलं, तर त्यो मानूस चुकीचं बोलंल. लोकांना वाटंल, आमी असंच बोलतो." आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "सकाळी किती वाजता येऊ?"

त्यांनी मन लावून शिकवले. 'पाणी आलं' हे दोन शब्द त्या नटाच्या तोंडी बसेपर्यंत ते एक अख्खी सकाळ धरणाच्या काठावर उभे होते. चित्रपट गाजला. बोलीचे विशेष कौतुक झाले. एका मुलाखतीत नटवर्य म्हणाले की, कोळ्यांमध्ये राहून ही भाषा आपण आपोआप उचलली.

बारामतीच्या चित्रपटगृहात मी तात्यांच्या शेजारी बसलो होतो. शेवटची नावे संपून दिवे लागले, तरी ते उठले नाहीत. त्यांचे नाव आले नव्हते. श्रेयनामावली मी केली होती. लांबी कमी करताना त्यातल्या चार ओळी काढल्या गेल्या, तेव्हा मी त्या खोलीत होतो आणि गप्प होतो. बाहेर आल्यावर तात्यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "म्हाईत हाय मला." त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखेच वागत आले आहेत. त्याहून मोठी शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

तात्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला प्रेरणादायी लेख मागितला होता. मला तो जमला नाही. गेल्याच महिन्यात तात्या बारामतीत नटांच्या एका निवडचाचणीला गेले होते. छातीवर क्रमांक लावून, पंचविशीतल्या मुलांबरोबर रांगेत उभे राहिले. समोरच्या तरुणाने विचारले, "आजोबा, पूर्वी कधी काम केलंय का?" तात्या म्हणाले, "करतोय."

तात्या पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना आणि कलाकाकूंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी मी देवाकडे मनापासून प्रार्थना करतो. त्यांना कामही मिळो, असे मात्र देवाकडे मागत नाही. ते देवाच्या नव्हे, या ग्रंथात लेख लिहिणाऱ्या आम्हा काही जणांच्या हातात आहे.