मौलवीचाचांचं न छापलेलं निवेदन

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिला वाटतं, आपला मुलगा पेपरात लिहितो म्हणजे खरं लिहितो.

कुठून सुरू करू? मारहाणीपासून केलं, तर तुम्ही मला नुसता बघणारा समजाल. बघत तर मी होतोच — पण तेवढंच असतं तर आज लिहायला बसलो नसतो.

आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं, आठवडी बाजाराचं. वडील हमाल. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मी, आणि त्यात मौलवीचाचांचा वाटा मोठा आहे. ते मशिदीचे इमाम. नमाज पढवून घर चालत नाही म्हणून वेशीजवळ त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. तिथे रोज पेपर यायचा. शाळेची सगळी वर्षं मी तो तिथेच, टायरच्या ढिगावर बसून वाचला. पुढे मी गावचा वार्ताहर झालो, तर त्यांनी गिऱ्हाइकांना माझी बातमी बोट ठेवून दाखवावी. असा माणूस. हे आधी सांगतोय ते एवढ्यासाठी, की मी कुणाशी वागलो ते तुम्हाला कळावं.

मग दूर दुसऱ्या राज्यात तो हल्ला झाला. भर बाजारात स्फोट. दिवसभर प्रत्येकाच्या मोबाईलवर तेच — विखुरलेल्या चपला, चादरीखालून आलेला एक हात. गावात लोक एकमेकांशी बोलेनासे झाले.

दुसऱ्या सकाळी चाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. "दत्ता, रातभर बसून लिव्हलंय. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ बाबा."

त्यात लिहिलं होतं, की निरपराधाला मारणारा आमचा नाही. असा कुणी मेला तर त्याच्या जनाज्याची नमाज मी पढवणार नाही, आणि आमच्या कब्रस्तानात त्याला माती मिळणार नाही. मयताची शेवटची नमाज — ती इमामाने नाकारायची म्हणजे किती मोठी गोष्ट, हे मला कळत होतं. मथळासुद्धा डोळ्यापुढे आला होता.

आमच्याकडे निवेदन द्यायची एक रीत आहे. देणारे ओळीने उभे राहतात, कागदाला सगळ्यांचा हात लागतो, फोटो निघतो. आणि ते छापून आलं तरच दिलं असं गाव धरतं. चाचा चार वडीलधाऱ्यांना घेऊन पंचायतीच्या पायरीवर उभे राहिले. ग्रामसेवकाने कागद घेतला. फोटो मी काढला.

बातमी पाठवायची तेवढी राहिली होती. चहाच्या टपरीवर बंडू भेटला — माझ्या वर्गातला. म्हणाला, "काय दत्त्या, मुल्लाच्या लई मागं-मागं? उद्या अजान बी छापशील." सगळे हसले. मीही हसलो. बातमी उद्या पाठवू म्हटलं. उद्याही नाही पाठवली. कारण काय सांगू? कुणी धमकी दिली नव्हती. फक्त हसले होते.

बाजारच्या दिवशी, दुपारी, पंधरावीस जण दुकानावर आले. मी समोर भाजीच्या पालापाशी होतो, दहा पावलांवर. बंडूने आधी टोपी उडवली, मग थोबाडात मारली. एकाने हवेचा पंप उचलून तोंडावर हाणला. दोन दात मातीत पडले. भाजीवाल्या बायका पाट्या उचलून पळाल्या.

"तिकडं माणसं मेली. तुमचा एक तरी मौलाना बोलला का रं?"

चाचांच्या तोंडातून रक्त येत होतं. "बोललोय. पंचायतीला कागद दिलाय. ह्या दत्ताला इचारा, त्यानं फोटू काढलाय."

मार थांबला. खरोखर थांबला — हे मी विसरू शकत नाही. सगळे माझ्याकडे वळले.

"व्हय रं, दत्त्या?"

मोबाईल खिशात होता. काढायला किती वेळ लागला असता? मी चाचांकडे बघितलं. ते घाबरलेले नव्हते. आता प्रश्न मिटला, असा त्यांचा चेहरा होता.

मी म्हणालो, "मला न्हाई माहीत."

आत्तापर्यंत तो नुसता मार होता. आता तो मुल्ला खोटाही ठरला होता. त्यांनी चाचांचा उजवा हात दुकानातल्या ऐरणीवर धरला आणि मोठ्या पान्याने ठेचला. एकदा नाही. हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा नसतो, कुणी काही लिहो. तो फार लहान असतो. चाचा ओरडले ते पहिल्या दोन घावांना. पुढचे घाव ते माझ्याकडे बघत राहिले. मी पळालो नाही, मध्ये पडलो नाही. उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली — दोन गटांत बाचाबाची, एक किरकोळ जखमी. ती छापून आली. मग फोटो पुसून टाकला.

नगरच्या दवाखान्यात त्यांची तीन बोटं काढली. दुकान गेलं. आता ते श्रीगोंद्याला मुलीकडे असतात. मी भेटायला गेलेलो नाही. त्यांनी माझं नाव कुणाजवळ काढल्याचं ऐकलं नाही.

पोलिसांनी मला जबाबाला बोलावलं होतं. पंचायतीतल्या त्या कागदाबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मारणाऱ्यांतल्या प्रत्येकाला मी नावाने ओळखत होतो. घटना संपल्यावर पोचलो, कुणाला पाहिलं नाही, असं मी लिहून दिलं. हवालदार म्हणाले, वाचून सही करा. मी वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग पूर्ण नाव लिहून सही केली, आणि नावापुढे बी. ए. लिहिलं.