मॅकदाराच्या नावामागची नावं

त्या किनाऱ्यावर बारशाला ठेवलेलं नाव ही नुसती सुरुवात. निम्मं गाव मॅकडोना आडनावाचं, म्हणजे डोनाखा नावाच्या कुणा तपकिरी केसांच्या सरदाराचे म्हणे वंशज. त्यात समोरच्या बेटावरच्या संताचं नाव, मॅकदारा, घरोघरी हवंच. मग माणूस ओळखायचा कसा? नावामागे बापाचं, त्यामागे आजाचं नाव लावून. बापाला समुद्रानं लवकर नेलं असेल तर आईचं.

ही शेपटी नसलेला गावात एकच मॅकदारा होता. अनाथालयातून सोर्चाकडे आला तेव्हा कागदावर जॉन वॉल्श होता. वॉल्श म्हणजे वेल्सकडून आलेला, परका. सोर्चा ही मायकलची लेक, लग्न न केलेली. नावाचा अर्थ उजेड, स्वभाव मात्र चुलीतल्या धुरासारखा. तिनं जॉन बाजूला ठेवला आणि पोराला संताचं नाव दिलं. गावानं त्याला ‘अनाथालयातला’ जोडून टाकलं.

मॅकदारा म्हणजे ओक वृक्षाचा मुलगा. सोर्चाचा भाचा बार्टली शाळेत छळायचा, “तुझा बाप झाड. मग आजा कोण रे, बी?” पोर रडत घरी आलं. सोर्चा बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, “झाडाचा ना तू? मग उभा राहा की ताठ.”

तो राहिला. शेवंडं पकडली, चुलीत जाळायला दलदलीतली माती कापून वाळवली, घर शाकारलं, आणि सोर्चा अंथरुणाला खिळल्यावर तिला चमच्यानं भरवलं. आई मात्र कधी म्हणाला नाही. तिनं मागितलं नाही, याची जीभ रेटली नाही.

मार्चमध्ये सोर्चा गेली. शवपेटीला पहिला खांदा मृताच्या आडनावाच्या चौघांचा, आणि त्यांची नावं दारात पुकारायची, हा तिथला रिवाज. मॅकदारा दाढी करून, काळा कोट घालून भिंतीशी उभा होता. साठीच्या त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती, तिचं ओझं आपल्या खांद्यावर. पण मागून घेतलेला खांदा त्याला भीक वाटली असती.

पुकारायचा मान थोरल्या भाच्याचा, म्हणजे बार्टलीचा.

“कोलमन पॅट मायकल. पीटर टॉम मायकल. मी स्वतः, बार्टली टॉम मायकल.”

चौथा म्हणून त्याचा धाकटा भाऊ फेस्टी पुढे सरकला. बार्टलीनं त्याला हातानं थोपवलं.

“मॅकदारा सोर्चा मायकल.”

मॅकदाराचे पायच उचलेनात.

“ये की रे,” बार्टली म्हणाला. “आत्यानं किती वेळ थांबायचं?”

स्मशानाच्या वाटेवर खांदा बदलायला माणसं पुढे येत होती. बाकीच्यांनी बदलला, मॅकदारानं नाही. फाटकाच्या पायरीवर पेटी जराशी कलली, तेव्हा लाकडाला गाल लावून तो म्हणाला, “जपून, आई.”

शेजारी पुन्हा खांदा द्यायला आलेल्या बार्टलीनं ते ऐकलं, आणि पावलं हळू केली.