खिडकीतून धरलेली जागा

सिटी बसच्या संग्रहालयात ठेवलेल्या एका कुलूपबंद बसमध्ये मी माझ्या सात वर्षांच्या भाचीला खिडकीतून आत टाकलं. मला कुणी आग्रह केला नव्हता. उलट त्याच खिडकीखाली ‘बसमध्ये चढू नये’ अशी पाटी होती आणि ती मी वाचलीही होती. चढायचं तर कुठं आहे, आपण फक्त पोरीला वर उचलतोय, असा काहीसा हिशोब माझ्या डोक्यात झाला असावा. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि दरवर्षी सहलप्रमुख मीच असतो, हे इथं सांगायला नको होतं, पण सांगून टाकतो.

त्या दिवशी ताईची नगरमध्ये खात्याची परीक्षा होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पुण्यात नोकरीला. दाजींचं काम फिरतीचं, महिन्यातले वीस दिवस ते बाहेरच. ही परीक्षा ती पास झाली की बढती मिळणार, आणि बढती मिळाली की नगरला यावं लागणार. मग प्रश्न उरत होता तो पोरीचा. शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत ती कुठं राहणार? आमच्या घरी, हे उघड होतं. पण माझी बायकोही नोकरी करते, तीही साडेसहाशिवाय घरात येत नाही. माझी शाळा सकाळची. म्हणजे दुपारभर पोर सांभाळणारा माणूस मी.

ताईला हे पटत नव्हतं. ती तसं तोंडावर बोलली नाही. एवढंच म्हणाली, “आज तीन तास ठेवते तुझ्याकडं. बघू. नाही जमलं तर बढती नाकारायची, त्यात काय एवढं.”

त्यात बरंच काही होतं. तीन वर्षं ती पहाटे उठून अभ्यास करत होती. परीक्षाकेंद्राच्या गेटवर भाचीचा हात माझ्या हातात देताना तिनं तो दोन वेळा परत घेतला आणि दोन वेळा पुन्हा दिला.

“कुठं नेणारेस?”

“सिटी बसचं संग्रहालय आहे. अगदी सुरक्षित. सगळ्या गाड्या बंद.”

“तिथल्या पाट्या वाच,” ताई म्हणाली.

या वाक्याला जुना इतिहास आहे. आम्ही मूळचे पारनेर तालुक्यातले. लहानपणी पारनेरच्या स्टँडवर नगरची गाडी लागली की वडील मला खिडकीतून आत सोडायचे आणि माझ्या मागोमाग टॉवेल. मी सीटवर आडवा पडायचो, टॉवेल समोरच्या सीटवर पसरायचो, आणि दारातली रेटारेटी संपवून घरचे आत येईपर्यंत एखाद्या जहागीरदारासारखा त्या दोन सीटांचा मालक असायचो. माझ्या आयुष्यात मला खात्रीनं जमलेलं काम ते एवढंच. फक्त एकदा वडिलांनी घाईत मला शिरूरच्या गाडीत सोडलं. गाडीची पाटी वाचायचं काम माझ्याकडं होतं, तिसरीत होतो, पण मी वाचली नाही. गाडी सुटली. कंडक्टरनं पुढच्या फाट्यावर उतरवून समोरून येणाऱ्या गाडीत बसवून परत पाठवलं. मी परत आलो तो पेरू खात. ताई मात्र तासभर स्टँडवर रडत उभी होती. त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. अजून मी कुठंही निघालो की ती विचारते, पाटी वाचलीस का.

तर ते संग्रहालय. आमच्या शहरात सिटी बस कधी असते, कधी नसते. संग्रहालय तेवढं कायम असतं. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये ते हौसेनं उभं केलंय. आतल्या खोलीत टांग्याचे कंदील, तिकिटांच्या लाकडी पेट्या, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, ‘माळीवाडा – भिंगार’ असे लोखंडी फलक. बाहेर शेडखाली ती बस, लाल रंग उडालेली, चाकांखाली विटा लावलेली. राखणीला एक म्हातारे काका.

माझी बारा वर्षांची मुलगीही आमच्यासोबत होती. ती संग्रहालयात गेली की पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळं वाचते. तिसऱ्या कंदिलापाशीच माझा धीर सुटला. “तू वाच निवांत,” असं तिला म्हणालो आणि भाचीला घेऊन बसकडं आलो.

भाचीनं बसभोवती एक चक्कर मारली. “यात लोक बुकिंग कसं करायचे?”

“बुकिंग कसलं? खिडकीतून.”

“म्हणजे खिडकीत तिकीट मिळायचं?”

“खिडकीतून माणूस टाकायचा. लहान माणूस. तो जागा धरायचा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. पुण्याची मुलं अशी बघतात. “मामा, काहीही.”

आता मी काय करायला हवं होतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतंय. मलाही आज कळतं. पण बसच्या सगळ्या खिडक्यांना दोन-दोन आडवे गज होते आणि मधल्या एकाच खिडकीचे गज गळून पडलेले होते, काच वर सरकवलेली होती. ती खिडकी मला बोलावत होती. काका गेटवर तंबाखू मळत होते. मी भाचीला खांद्यावर घेतलं, वर केलं, आणि ती मासळीसारखी सुळकन आत गेली. मागोमाग मी रुमाल टाकला. तिनं तो पुढच्या सीटवर पसरला, स्वतः मागच्या सीटवर आडवी झाली आणि ओरडली, “धरली मामा, जागा धरली.”

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. वडील आठवले. मी फोटो काढला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘तिसरी पिढी.’ ग्रुपवर ताई आहे, हे माझ्या ध्यानात होतं. ती बघेल आणि खूश होईल असं मला वाटलं होतं.

मग भाचीनं खेळ पुढं नेला. “मामा, पाऊस आलाय,” असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी काच खाली ओढली. काच खाली आली, कर्रर्र वाजली आणि बसली. ती पुन्हा वर गेली नाही. तिनं ढकलली, मी बाहेरून बोटांनी खरवडली. काच आपल्या जागी, इतकी वर्षं वाट बघितल्यासारखी.

“काका,” मी हाक मारली, “बसची किल्ली जरा.”

काका आले. त्यांनी बसकडं बघितलं, आतल्या पोरीकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं. “ही आत कशी गेली?”

“मी टाकली.”

“का?”

मी पुन्हा किल्लीच मागितली.

“किल्ली सायबाकडं हाय,” काका म्हणाले. “सायेब संगमनेरला गेल्यात. साखरपुडा हाय पुतनीचा.”

“मग फोन लावा ना.”

त्यांनी लावला. फोन कानाला धरून ते उभे राहिले. “वाजतोय. पन उचलीत न्हाईत. पंगतीत आसतील. मानसानं जेवताना फोन उचलू नये, त्यांचंच म्हननं हाय.”

“कुलूप तोडूया?”

“तोडा की. पन मला इचारून तोडलं आसं सांगू नका. मी म्हनलो न्हाई, आसं म्या सायबाला सांगनार.”

कुलूप हाताच्या पंजाएवढं होतं. मी त्याला एक दगड मारला. माझा अंगठा सुजला, कुलूप तसंच. एप्रिलची दुपार, वर पत्रा, आत पत्र्याची बस. बाकीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, गज होते, म्हणून वारा तरी येत होता. मी गजांतून पाण्याची बाटली दिली, मग बिस्किटं दिली. ती एकेक बिस्किट हात बाहेर काढून घेत होती. तेवढ्यात एक जोडपं संग्रहालय बघायला आलं. नवऱ्यानं भाचीकडं बघितलं, मला बिस्किट देताना बघितलं आणि काकांना विचारलं, “याचं तिकीट वेगळंय का?”

“याला तिकीट न्हाई,” काका म्हणाले. “हे आजच आलंय.”

भाचीला आतापर्यंत मजा वाटत होती. घंटीची दोरी ओढून झाली, ड्रायव्हरच्या जागेवर बसून झालं. मग ती खिडकीशी आली, गजांवर हनुवटी टेकली आणि हळूच म्हणाली, “मामा, मला शूला जायचंय.”

“थोडं थांब हं.”

“किती थोडं?”

मी घड्याळ बघितलं. ताईचा पेपर सुटून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे तिनं मोबाईल परत घेतला असणार. म्हणजे तिनं फोटो बघितला असणार. मी घाईनं ग्रुप उघडला. फोटोखाली बायकोनं विचारलं होतं, ‘बस चालू आहे का?’ आणि त्याच्याखाली ताईचं एकच वाक्य होतं. ‘तिथंच थांब. येतेय.’

थांबण्याखेरीज मी काय करणार होतो? मी एक उपडी बादली घेतली, तिच्यावर चढलो आणि काच अडकलेल्या खिडकीच्या शेजारच्या खिडकीतून, गजांमधून, हात खांद्यापर्यंत आत घातला. आतून ती काच वर ढकलता येईल असा बेत होता. हात पोचला, पण जोर लागेना. गाल गजाला दाबलेला, डोळ्यांत घाम. भाची जवळच पायावर पाय आवळून उभी होती. सीट भिजली तर संग्रहालयाच्या इतिहासात आपण कुठल्या नोंदीखाली जाऊ, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. ताई काय म्हणेल, तो विचार मी मनात येऊ देत नव्हतो. ती काही म्हणणार नाही, याचीच भीती जास्त होती. नुसती पोरीचा हात धरेल, पुण्याला जाईल, आणि बढतीच्या कागदावर नकार लिहून देईल. आणि पुढं कधी मी विचारलं तर म्हणेल, त्यात काय एवढं.

“मामा, आता थोडं नाही थांबता येणार,” भाची म्हणाली.

तेव्हा माझी मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. तिनं शेवटची पाटी वाचून संपवली होती. बादलीवरचा बाप, आतली आत्येबहीण, अंगठा चोखावा की झाकावा हे न ठरलेला माझा दुसरा हात, सगळं तिनं एकदा बघून घेतलं.

“पप्पा, तुम्ही मागचं दार बघितलं का?”

“मागं दार नसतं बाळा, सिटी बसला पुढं असतं.”

“संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग,” ती म्हणाली. “आतल्या पाटीवर लिहिलंय. दांडा आतून वर उचलायचा. बाहेरून उघडत नाही.”

ते शब्द. लहानपणी वाचायला शिकलो तेव्हा एसटीत बसून लाल अक्षरांतले तेच शब्द मी मोठमोठ्यानं वाचत असायचो. वडील कौतुकानं शेजारच्यांना सांगायचे, बघा, जोडाक्षरंसुद्धा येतात. जोडाक्षरं येत होती. अर्थ मात्र बहुधा त्या दिवशीच पोचला.

“ते दार कवाच उघाडलं न्हाई,” काका म्हणाले. “गंजलंय.”

मुलगी बसच्या मागं गेली आणि मागच्या दाराच्या काचेतून भाचीला सांगू लागली. “लाल दांडा दिसतोय? दोन्ही हातांनी धर. नाही, खाली ओढायचा नाही, वर. सीटवर चढ आणि खांदा लाव खालून. हां. मी एक-दोन-तीन म्हणते.”

मला मदतीला जायचं होतं. पण हात गजातून निघेना. आत गेला तसा बाहेर यायला त्याला काय झालं होतं, कोण जाणे, पण कोपर अडकलं होतं. मी बादलीवर उभा राहून ऐकत होतो. एक-दोन-तीन. काही नाही. एक-दोन-तीन. मग खाडकन आवाज आला, गंजाचा वास आला आणि धावणारी पावलं शेडच्या कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाकडं गेली.

“दादा, उतर,” मागून कुणीतरी म्हणालं. ताई मला दादा म्हणत नाही. फक्त रागावली की म्हणते.

“ताई, हात अडकलाय.”

“बघतेय मी.”

ती रिक्षानं आली होती. किती वेळ मागं उभी होती, मी विचारलं नाही. काकांनी कुठून तरी खोबरेल तेलाची बाटली आणली, ताईनं माझ्या कोपराला तेल लावलं, लहानपणी लावायची तसं, पण जोरात. हात सुटला. मी बादलीवरून उतरलो. भाची परत आली ती उड्या मारत. “आई, मी जागा धरली होती. तुझ्यासाठी पण.” तिनं माझा रुमाल तिच्या हातात दिला. ताईनं तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्या खिशात खोचला.

“पेपर कसा गेला?” मी विचारलं.

“चांगला गेला,” ती म्हणाली. “शेवटचा प्रश्न राहिला असता. लिहिला.”

मग ती माझ्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दहा मिनिटं दोघी आत होत्या. मी बाहेर काकांसोबत मागचं दार लावत बसलो. ते आता लागत नव्हतं. काका म्हणाले, सायेब आले की सांगू, उघडतंय म्हणून, त्यांना आनंदच होईल. हा एकच दिलासा मला त्या दिवशी मिळाला.

गेटपाशी रिक्षाला हात करताना मी धीर केला. “ताई, मग काय ठरवलंस? म्हणजे पोरीचं.”

“ठेवणार की तुझ्या घरी,” ती म्हणाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं भाचीला रिक्षात चढवलं, माझ्या मुलीला तिच्या शेजारी बसवलं आणि माझ्याकडं वळून बघितलं.

“तुझ्या लेकीशी बोललेय मी. ती म्हणाली, दोघांना सांभाळीन.”