साखळीला वाचता येत नाही

बाबल मेस्त गेल्याची बातमी मला कट्टा गावच्या एस.टी. थांब्यावर कळली. कंडक्टरने दारातूनच सांगितलं, "भाऊनु, तुमचे मेस्त गेले." आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कशाखाली?" कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. "खाली खंयचे? वाकळेर. पेज जेवन झोपले ते सकाळी उठूकच नाय." मालवणात उतरल्यावर पाहतो तो बाजारात ज्याला त्याला हाच प्रश्न पडलेला. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना "अरे, डोक्यार पडात" म्हणून बजावत आला, त्याच्या डोक्यावर शेवटी काहीच पडलं नाही, याचं लोकांना दुःखाइतकंच आश्चर्य वाटत होतं. त्याला आता सव्वा महिना झाला.

मेस्त रस्त्याने चालत तेच मुळी वर बघत. आपल्याकडे नारळाच्या झाडाखालून जाताना कोणी मान वर करत नाही. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, यावर सगळ्यांचा विश्वास. मेस्तांचा नव्हता. ते म्हणत, "डोळे आसत, मान्य. पण त्येंका मोतीबिंदू होणा नाय कशावरून?" देवळात गेले की घंटेखाली कधी उभे राहायचे नाहीत, बाजूने हात लांब करून वाजवायचे. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी मांडवाचे वासे हलवून बघायचे, आणि एकदा तर ऐन मंगलाष्टकांत भटजींना हाताला धरून दोन पावलं उजवीकडे सरकवलं होतं. भटजी रागावले, पण मंगलाष्टक न थांबवता सरकले.

बंदरापासून थोडं पुढे, माडांच्या आडोशाला आमच्या अण्णा शेठची होड्या बांधायची जागा आहे. आम्ही तिला कारखाना म्हणतो. म्हणजे तेव्हा होतं काय, तर दोन माडाच्या झावळ्यांचे मांडव, एक लोखंडी पत्र्याची खोली आणि किनाऱ्याची वाळू, म्हणजे पुळण. पण पन्नास सालानंतर होड्यांना डिझेलची इंजिनं बसू लागली आणि अण्णांना इंजिन उचलणारा माणूस हवा झाला. मेस्त मुंबईच्या गोदीत बरीच वर्षं काढून गावी परत आले होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आले होते. ती कशी गेली हे विचारलं, तर दर वेळी नवी हकिगत. एकदा म्हणाले सुसरीने नेली, एकदा म्हणाले बायकोने. खरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तीन वाशांची तिकटी उभी करायची, तिला साखळीची कप्पी टांगायची, आणि खालची साखळी ओढत ओढत इंजिन वर घेऊन अलगद होडीच्या पोटात सोडायचं, हे त्यांचं काम. इंजिन उतरताना बघावं, तर तान्हं मूल पाळण्यात ठेवल्यासारखं उतरायचं.

मी सावंतवाडीहून मॅट्रिक होऊन तिथे कारकून लागलो, त्याच महिन्यात जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. यंत्रं आणि वजन उचलायची साधनं जिथे वापरतात, तिथे सुरक्षिततेच्या नियमांचा फलक लावा आणि साधनांच्या साप्ताहिक तपासणीची वही ठेवा. माझं वय बावीस आणि अंगात भाषा मावत नव्हती. मी तीन दिवस खपून फलक रंगवला. 'उत्तोलित भाराच्या अधोभागी उभे राहण्यास सक्त मनाई आहे. परिभ्रमणशील यंत्रभागांच्या सान्निध्यात सैल वस्त्रे परिधान करू नयेत.' असे नऊ नियम. गड्यांनी फलकाचं मनापासून स्वागत केलं, कारण दुपारी त्याची सावली चांगली पडायची. चार दिवसांनी त्यावर बांगडे वाळत घातलेले मी स्वतः पाहिले.

मेस्तांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी मला फलकासमोर उभं करून सगळं वाचून घेतलं, नंतर अर्थ सांगायला लावला, आणि म्हणाले, "भाऊनु, चांगला लिवलात. पण असां सांगून कोण आयकाचो नाय. उद्या सकाळी मी सांगतंय, बघा." दुसऱ्या दिवशी इंजिन उचलण्याआधी त्यांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि चक्क देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली...

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गड्यांनी सवयीने साथ दिली. गाऱ्हाणं चालू झालं की आपल्याकडे माणूस आधी हो म्हणतो आणि मग ऐकतो.

"आज ह्यां जड वझां आमी वर काढतंव. त्येच्या खाली जो कोण उभो ऱ्हवात, त्येका थंयसून भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण सुटलेल्या धोतरान इंजिनाच्या पट्ट्याकडे येत, त्येचा धोतर तू सांभाळ. तुका येळ नसात तर माका सांग, मी फेडतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि काल दारू पिवन आज ज्येचो हात थरथरता, त्येका आजचो दिवस घराक धाड रे म्हाराजा!"

इथे सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणणारा गडी स्वतःच मान खाली घालून घरी गेला. माझे नऊच्या नऊ नियम त्यांनी देवाच्या गळ्यात घातले होते. माणसाने लावलेला नियम मोडायला कोणाला काही वाटत नाही, पण देवासमोर हो म्हणून मग साखळीखाली उभं राहायची छाती कोणाची? पुढे तपासणीला एक साहेब टाय लावून आले, तेव्हा त्यांनाही नारळासमोर उभं करून हो म्हणायला लावलं आणि टायचं टोक सदऱ्याच्या आत खोचायला लावलं. साहेबांनी निमूट खोचलं.

राहिली तपासणीची वही. 'सक्षम व्यक्तीने तपासून सही करावी' असं पत्रात होतं, आणि सही येणारा मी एकटाच, म्हणून मी सक्षम ठरलो. साखळी खरी तपासायचे मेस्त. रोज सकाळी तेलाचं फडकं घेऊन कडीन् कडी चाचपायचे. मी शनिवारी टेबलावर बसून सुरेख अक्षरात लिहायचो, 'साखळी, कप्पी, आकडा सर्व सुस्थितीत. समक्ष पाहिले.' पाहिलं कधीच नव्हतं. साखळीचं तेल धोतराला लागतं. बरं, एकदा लिहायला बसलं की हात थांबवायचा कशाला, म्हणून पुढच्या दोन-तीन शनिवारांचंही लिहून ठेवायचो. मला तेव्हा हा व्यवस्थितपणा वाटत होता.

मग तो शनिवार आला. अण्णांच्या स्वतःच्या पहिल्या मोठ्या होडीत इंजिन चढायचं होतं. मुहूर्त काढला होता, पाव्हणे आले होते, आणि अण्णांच्या आईने हट्ट धरला होता की इंजिन वर टांगलं की खाली बसून आपण त्याला ओवाळणार. तिकटीखाली पाटसुद्धा मांडून झाला. मेस्तांनी पाट आधी बाहेर काढला. मग साखळी चाचपली, एका कडीपाशी थांबले, परत मागे गेले, परत थांबले आणि म्हणाले, "अण्णानु, आज इंजिन चढूचा नाय. हेच्या सांध्याक चीर आसा."

अण्णांनी वाकून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं. मुहूर्ताला पाव तास उरलेला. "भाऊ, वही आणा," अण्णा कडाडले. मी वही नेली, पान उघडलं आणि त्या दिवसाच्या ओळीखाली आडवा तळहात ठेवून उभा राहिलो, कारण खाली पुढचे दोन शनिवार सुस्थितीत होते. अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. 'सर्व सुस्थितीत. समक्ष पाहिले.' मग म्हणाले, "बाबल, ह्यां शिकलेल्या माणसान लिवल्यान हा. तुका वाचूक तरी येता?"

"माका वाचूक येणा नाय, अण्णानु," मेस्त शांतपणे म्हणाले. "पण त्या साखळयेक पण येणा नाय."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "आज इंजिन चढला नाय, तर उद्यापासून तू हयसर येव नको." मेस्तांच्या घरी तेव्हा सहा माणसं जेवणारी आणि कमावणारे ते एकटे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. मेस्तांनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "भाऊनु, तुमी बघितलात?" मी मान हलवली. होकाराची. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरत होतं, पाव्हण्यांत होणारे सासरे होते... कारणं पुष्कळ देता येतील. त्यातलं एकही आज मला पुरत नाही.

मेस्त वाद घालत बसले नाहीत. वझं उचलायचं म्हणजे आधी गाऱ्हाणं, ही रीत त्यांनीच घातलेली. त्यांनी नारळ घेतला, डोळे मिटले. खाली उभ्या राहणाऱ्याचं झालं, धोतराचं झालं, आणि मग त्यांनी एक नवं कडवं घातलं. "ज्येनी हात लावन बघितल्यान आसात, त्येका येश दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि ज्येनी न बघता बघितलंय म्हणान लिवल्यान आसात, त्येका हय कोण मरूच्या आदी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडी म्हणाले, पाव्हणे म्हणाले, सवयीने अण्णासुद्धा म्हणाले. देवावर माझा विश्वास तेव्हा बेताचाच होता. पण चाळीस माणसं एका तोंडाने हो म्हणत असताना माझं तोंड काही केल्या उघडेना, आणि अण्णांची आई पाट काखोटीला मारून परत तिकटीकडे निघालेली दिसत होती. मी वहीवरचा तळहात उचलला. "अण्णा, मी पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "कधीच पाहिलेलं नाही."

अण्णांनी खालच्या दोन ओळी वाचल्या. मनात वाचल्या, मग पुन्हा एकदा मोठ्याने वाचल्या. हसावं की रडावं, कोणाला कळेना. शेवटी म्हातारीच म्हणाली, "अरे देवा, ह्येका फुडचा पण दिसता! ह्येका हय कित्याक ठेवलंस? पंचांग लिवक बसव." आणि सगळी पुळण हसली. मीही हसलो असेन.

हशा ओसरल्यावर मेस्तांनी इंजिनाऐवजी तेवढ्याच वजनाचे चिरे दोरांत बांधायला लावले, सगळ्यांना लांब उभं केलं आणि साखळी ओढली. चिरे पुरुषभर वर गेले. एक क्षण काही झालं नाही, आणि अण्णांच्या तोंडावर 'बघ' असं उमटूही लागलं होतं. तेवढ्यात कडी उघडली. पाट मांडला होता नेमक्या त्या जागी वाळूत हातभर खड्डा पडला. अण्णांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "भटाक सांगा, दुसरो म्हूर्त बघ म्हणान." हातातली वही त्यांनी ज्या तऱ्हेने मिटली त्यात माझा निकाल होता. तेव्हा मेस्तच मध्ये पडले. "भाऊंका ठेवा, अण्णानु. आता ह्येंच्याइतको साखळी बघणारो तुमका मालवणात गावाचो नाय." तासाभरापूर्वी मी ज्या माणसाचं अन्न तोडायला निघालो होतो, तो हे बोलत होता.

सोमवारी नवीन साखळी यायच्या आधीच त्यांनी मला हाताला धरून जुनीपाशी नेलं. म्हणाले, डोळे मिटा, डोळ्याला गंज दिसतो, चीर बोटाला लागते. उघडलेल्या कडीवरून त्यांनी माझं बोट इतक्या वेळा फिरवलं की ते सोललं. त्यानंतर ते जाईपर्यंत दर शनिवारी मी साखळी स्वतः चाचपायचो, आणि मेस्त लांबून, दुसऱ्या कुठल्या तरी कामात मान घालून ओरडायचे, "बघितलात?" मी म्हणायचो, "बघितलंय." मग ते म्हणायचे, "लिवा." त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही, एकट्यातही नाही आणि चारचौघांतही नाही. माझी सगळी धोतरं मात्र तेव्हापासून काठाला काळी आहेत, आणि बायकोचा मेस्तांवर त्याबद्दल कायमचा राग होता.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी कारखान्यात लवकर गेलो. गडी यायचे होते. मी डोळे मिटले आणि पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत साखळी चाचपली, मग टेबलाशी येऊन वही उघडली, टाक उचलला, आणि तसाच बसून राहिलो. वाट पाहत होतो, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं... मग रिकाम्या पुळणीकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणालो, "बघितलंय, मेस्तानु." आणि लिहिलं.